ठेवलंय आधी

बॅकअपच्या डिस्कवर जागा संपत आली म्हणून मी आत शिरून जुन्या तारखांचे तुकडे हातानं पुसले. त्यांच्यासोबत तीस दिवसांचे बॅकअप गेले.

चाकणच्या आमच्या कंपनीत बॅकअप सांभाळतात कांबळेसाहेब. देहूरोडचे. तीच गोष्ट दुसऱ्यांदा आली की यांचं डोकं फिरतं. सकाळी नमस्कार केलेला असेल, तर जिन्यात पुन्हा करायचा नाही. "ठेवलंय आधी," म्हणून खेकसतात. कँटीनवाल्यानं भाताचं दोनदा विचारलं, तर ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर.

बॅकअपचं मशीनही त्यांच्यावरच गेलेलं. फाइल आली की तिचे तुकडे करायचे, प्रत्येकाचा ठसा घ्यायचा. ठसा ओळखीचा निघाला तर तुकडा पुन्हा ठेवायचा नाही. नुसती चिठ्ठी लिहायची, 'तो तिकडे आहे.' हे साहेबांनी मला एकदा सांगितलं होतं. एकदाच. मी तेव्हा नुसती मान हलवली होती.

दुसऱ्या दिवशी डिझाइनच्या जाधवबाईंकडून डायचं ड्रॉइंग बिघडलं. त्यांनी कालचं मागितलं. उघडेना. परवाचंही उघडेना.

"तीस प्रती होत्या ना, सर?"

"प्रत एकच होती. बाकी चिठ्ठ्या. प्रत तू खाल्लीस." साहेबांचे कान लाल झाले होते. "दुपारी कस्टमर येतोय. ड्रॉइंग नाही मिळालं, तर कार्ड गेटवर जमा कर आणि घरी जा."

आणि कपाटातली एक जुनी डिस्क त्यांनी माझ्यापुढे आपटली. तिच्यात दोन महिन्यांपूर्वीचं ड्रॉइंग निघालं. नंतरचे बदल जाधवबाईंनी मला शिव्या घालत पुन्हा केले. नोकरी वाचली.

डिस्कवर आणखी एक फोल्डर होता. रेकॉर्ड केलेल्या फोनच्या हजारभर फाइली, रोजची एक, जेवणाच्या सुट्टीतली. मी एक वाजवली. बाईचा आवाज: "डबा संपवा हो. उरवून आणू नका." दुसरी, तेच. तिसरी, तेच.

मागं साहेब उभे. ताज्या ज्ञानाच्या जोरावर मी म्हणालो, "सर, सगळ्या सारख्याच आहेत. एक ठेवून बाकीच्या चिठ्ठ्या करू?"

ते ओरडले नाहीत. माऊस घेतला. "इथं तिला सर्दी झालीय." पुढची. "इथं मागं कुकर. ही भांडण झालं होतं त्या दिवसाची." शेवटची त्यांनी वाजवलीच नाही. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली, हे मला तेव्हा आठवलं.

"दे सगळ्या मशीनला," साहेब म्हणाले. "एकही गाळणार नाही ते. त्याला फरक कळतो. तुला नाही."