किल्लेदार रायाजीराव चावडीवर दाखल जाहले त्याची हकीकत

श्री. ज्याचे कान मोठे म्हणोन सर्वांचे ऐकून घेतो आणि मुख सोंडेआड म्हणोन कोणाचे कोणास सांगत नाही, त्या गजाननास आधी नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, कार्तिक मास, शुद्ध पक्ष. ते समयी एका राज्यात जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले. पदरचे घातले असेल तर चिमूटभरच.

त्या राज्यात रायाजीराव जाचक म्हणोन निवृत्त किल्लेदार होते. उमर सत्तरीची, मिशा अद्याप चाळिशीच्या. डोंगरावरचा मोठा किल्ला त्यांनी जन्मभर राखिला होता आणि आता खाली पेठेत घर करून राहात होते, परंतु पेठेतल्या घरासही ते बालेकिल्लाच समजत आणि सांजेस दाराची कडी स्वतः दोनदा तपाशीत. आणि त्या राज्यात ऐसी रीत पडली होती कीं प्रत्येकाचे मुठीत मोबाइल, मोबाइलचे पोटात एक चावडी, आणि त्या चावडीवर जो तो आपले नाव व तसबीर लावून बसे, त्यास प्रोफाइल म्हणत. मग कोणी काय खाल्ले, कोण कोठे गेले, कोणाचे मांजर व्याले, हे सकळ राज्यास कळे. रायाजीराव म्हणत कीं ही रिकामटेकड्यांची बैठक आहे, आमचे घरातून तेथे कोणी जाणे नाही. परंतु या रागाचे खरे मूळ निराळे होते. त्यांची एकुलती कन्या सगुणा, तिला त्यांनी दुसऱ्या एका किल्लेदाराचे घरी द्यावयाचे योजिले होते, आणि तिने ते मोडून सिदोजी म्हणोन एक पाव भाजणारा, त्याशी लग्न लाविले. किल्लेदाराची लेक भट्टीपुढे बसणार म्हणोन रायाजीराव बहुत कोपले आणि त्यांनी हुकूम फर्माविला कीं या घरात तिचे नाव कोणी घेऊ नये. यास सात वर्षे लोटली. त्यांच्या पत्नी दर्याबाई, ज्या मिठाच्या चिमटीवरून दोन प्रहर वाद घालीत, त्या या हुकुमावर एक अक्षर बोलल्या नाहीत; किल्लेदारांनी येथेच सावध व्हावयास हवे होते, ते जाहले नाहीत.

मग दिवाळी आली आणि रायाजीराव आपले जुने स्नेही दादाजी सबनीस यांचेकडे फराळास गेले. दादाजी हे किल्ल्याचे दफ्तर पाहिलेले गृहस्थ, आता दिवसभर चावडीवर बसून असत. ते एका हाताने चकली मोडीत होते आणि दुसऱ्या हाताचे अंगठ्याने मोबाइल वर सारीत होते, आणि सारता सारता बोलून गेले, "सगुणा फार बारीक झाली हो." आणि बोलल्यावर जीभ चाविली, परंतु चकली मोडली ती मोडली आणि शब्द गेला तो गेला. रायाजीरावांनी काही विचारिले नाही. मात्र हातची करंजी तबकात परत ठेविली, आणि घरी आले तो सारी वाट मनात एकच, कीं बारीक का जाहली, दुखणे तर नसेल, त्या भट्टीच्या धगीने तर नसेल. पत्नीस पुसावे तर हुकूम आपलाच. दोन दिवस जेवण गोड लागले नाही. तिसरे दिवशी दर्याबाई मागीलदारी पापड वाळवीत होत्या ऐसे पाहोन त्यांनी दादाजीस बोलाविणे पाठविले आणि गंभीर मुद्रेने सांगितले कीं हल्ली पाऊसपाणी, बाजारभाव आणि राज्याची एकंदर हालहवाल यांची खबर ठेवणे जरूर वाटते, सबब चावडीवर एक प्रोफाइल उघडावे. दादाजी काय ते समजले आणि समजल्याचे दाखविले नाही. सबनिशी त्यांनी फुकट केली नव्हती.

मग दोघे बैठकीत बसले आणि मोहीम सुरू जाहली. चावडीने प्रथम नाव विचारिले. रायाजीरावांनी 'राजमान्य राजश्री' येथपासून आरंभ केला तो यंत्राने मध्येच दार लाविले, कीं नाव लांब आहे. मग 'राजश्री' काढिले, 'किल्लेदार' काढिले, आणि नुसते रायाजीराव जाचक राहिले तेव्हा त्यांस उघड्या अंगाने बाजारात उभे केल्यासारिखे वाटले. पुढे जन्मसाल विचारिले. ते पडद्यावर बोटाने खाली खाली सारून शोधावयाचे होते, आणि सारिता सारिता राज्ये आली आणि गेली, दुष्काळ सरले, तरी त्यांचे साल येईना, ते हळूच म्हणाले, "दादाजी, आपण इतके खोल आहोत काय?" मग पासवर्ड. म्हणजे परवलीचा शब्द, हे ऐकोन किल्लेदारांस हुरूप आला, कारण परवलीचे शब्द त्यांनी जन्मभर दिले घेतले होते. त्यांनी आपल्या किल्ल्याचे नाव घातले. यंत्राने खाली तांबड्या अक्षरांत उमटविले कीं कमजोर. रायाजीराव ताडकन उठले. त्या किल्ल्याने दोन वेढे सोसले, एक पावसाळा दारूगोळ्यावाचून काढिला, आणि हे हातभर नाही ते यंत्र त्यास कमजोर म्हणते. दादाजींनी हाताला धरून बसविले आणि समजाविले कीं किल्ल्यास नव्हे, शब्दास म्हणते, शेवटी दोन आकडे आणि एक चिन्ह लावा म्हणजे बुरूज बांधिल्याप्रमाणे होईल. तैसे केले आणि यंत्र नमले. मग तसबिरीसाठी फेटा बांधिला, आणि पहिल्या खेपेस छत आले, दुसऱ्या खेपेस नाकपुड्या, आणि तिसऱ्या खेपेस किल्लेदार आले, परंतु डोळे मिटून.

येणेप्रमाणे प्रोफाइल सिद्ध जाहले. मग चावडीने विचारिले, आपल्या मनात काय आहे? रायाजीराव कपाळास आठी घालोन म्हणाले कीं हे पुसणारा हा कोण. दादाजी म्हणाले, "सगळ्यांना विचारतो. उत्तर द्यायलाच हवं असं नाही." आणि तितक्यात पडदा सरकला, एक चेहरा वर आला आणि त्याखाली मजकूर होता, आपण यांना ओळखता काय? ती सगुणा होती. केस कापिलेले, गालफडे उतरलेली, परंतु हसताना डावी भुवई वर जाते ती तशीच. दादाजींस एकाएकी तहान लागली आणि ते पाणी प्यावयास आत गेले आणि बराच वेळ पाणी पीत राहिले.

मग किल्लेदारांनी त्या चेहऱ्यावर बोट ठेविले आणि कन्येचे घर उघडावे तैसे तिचे पान उघडिले. पावांच्या लाद्या होत्या, भट्टी होती, पीठ माखलेला सिदोजी होता, तो त्यांनी चटकन पुढे सारिला. आणि मग एक तसबीर आली, तेथे बोट थांबले. किल्ल्याचा महादरवाजा, आणि पुढे सगुणा घामाने निथळत उभी, गळ्यात पदक. खाली तिने लिहिले होते कीं डोंगर धावत चढण्याची शर्यत पुरी केली, वर्षभर पहाटे धावले त्याचे सार्थक जाहले, हा दरवाजा प्रथम पाहिला तो बाबासाहेबांच्या खांद्यावरून. तेव्हा बारीक जाहली ती दुखण्याने नव्हे, धावून. रायाजीरावांचा ऊर एकाएकी हलका जाहला आणि अंगठा तसबिरीखालच्या अंगठ्यावर पडला. तो निळा जाहला. सही न येणाऱ्यांस ज्यांनी जन्मभर अंगठेबहाद्दर म्हणोन हिणविले, त्यांचा अंगठा भर चावडीत उमटला. ते घाबरले आणि पुसावयास पुन्हा दाबिला, तो गेला, मग गेला कीं नाही हे पाहावयास पुन्हा दाबिला, तो आला, आणि पुन्हा दाबिला. "दादाजी," त्यांनी हाक मारिली, "हे परत कसे घेतात?" दादाजी धावत आले, पाहिले, आणि म्हणाले कीं परत घेता येते, परंतु वर्दी पहिल्याच दाबास जाते. ऐकोन रायाजीरावांनी मोबाइल बंद केला, उशीखाली घातिला आणि वर स्वतः बसले.

आणि मागीलदारी काहीतरी किणकिणले. दर्याबाई पापडाचे पीठ हातास तैसेच, दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हाती एक लहान मोबाइल होता, जो किल्लेदारांनी यापूर्वी कधी पाहिला नव्हता. त्या शांतपणे म्हणाल्या, "सगुणा विचारते आहे, बाबासाहेबांनी दोनदा अंगठा देऊन दोनदा का काढला?"

दादाजी भिंतीकडे पाहू लागले. रायाजीरावांनी पत्नीकडे पाहिले, त्या मोबाइलकडे पाहिले, आणि विचारिले, "हे कधीपासून?"

"आपण बंदी घातलीत त्या दिवसापासून," दर्याबाई म्हणाल्या. "काय कळवू तिला?"

रायाजीरावांनी मिशीवर हात फिरविला. रागवावे ऐसे त्यांचे मनात आले होते, परंतु राग सापडेना; उशीखाली पाहिले असते तरी सापडता ना. मग ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "म्हणावं, दरवाजाच्या उजव्या अंगाच्या पायऱ्या ओल्या असतात. पाय घसरतो. डावीकडून चढायचं."

दर्याबाईंनी पिठाच्या बोटाने अक्षर अक्षर लिहिले. उत्तर यावयास वेळ लागला, आणि तोवर त्या बैठकीत कोणी हलले नाही. मग किणकिणले आणि बाईंनी वाचून दाखविले, "येत्या आदितवारी येता का दाखवायला?"

आदितवारी रायाजीराव फेटा बांधून निघाले. डोंगरापायथ्याशी सगुणा उभी होती आणि चार पावले मागे सिदोजी, हाती पावांची पिशवी. सगुणा वाकून पाया पडली तो किल्लेदारांनी तिला दंडास धरून उठविले आणि दंड चाचपून म्हणाले, "खातेस की नाही काही?" इतकेच. मग चढू लागले. निम्म्या वाटेवर त्यांस दम लागला, आणि सिदोजीने न बोलता हात पुढे केला, आणि रायाजीरावांनी तो न बोलता धरिला, आणि महादरवाज्यापाशी पोहोचल्यावरही सोडावयाचे विसरले. वर बसोन सर्वांनी पाव खाल्ले. किल्लेदारांनी दोन खाल्ले, तिसरा खिशात घातला.

तात्पर्य, किल्लेदारांचे प्रोफाइल अद्याप चालू आहे. डोळे मिटलेली तसबीर तशीच आहे. मैत्रीस सगुणा आहे, दादाजी आहेत, आणि दर्याबाई आहेत, ज्यांचे प्रोफाइल पाहता ते या पेठेत सर्वांत जुने निघाले. सिदोजीचे घरचा पाव रोज सकाळी येतो आणि चहात बुडतो. त्याची मैत्रीची विनंती मात्र अजून दरबारी विचाराधीन आहे. मंजूर होईल ऐसा रंग दिसतो. लेखनसीमा.