तेरावी परी कंत्राटी होती

या, अशा जवळ सरकून बसा. तिकडं दारात पाहुण्यासारखं कसलं बसताय? इतक्या दिवसांनी तोंड दाखवलंत, ते काही मी विसरणार नाही, पण त्याचं नंतर बघू. आधी आमच्या दिनकरचं सांगते. त्यानं परीकथेतल्या राजाला लेखी नोटीस काढलीय.

आमच्या कुरुळीच्या घरात वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतो तो. मूळचा लातूरकडचा. महाळुंग्याच्या एका कंपनीत बावीस वर्षं क्वालिटीला आहे. आलेला पार्ट हातात घ्यायचा, मापायचा, चुकलेला असेल तर लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा, हे त्याचं काम. ते करून करून माणूस असा झालाय की मी वाढलेल्या पोळीचीसुद्धा कड बोटानं चाचपून बघतो आणि "ओके" म्हणतो, मग घास.

त्यांच्या कंपनीत एक पद्धत आहे. काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला म्हणे खरं कारण हाती लागतं. एकदा माझं दूध उतू गेलं, तेव्हा हा जिना उतरत होता. आत आला आणि सुरूच. दूध का उतू गेलं? लक्ष नव्हतं. लक्ष का नव्हतं? दाराकडं बघत होते. दाराकडं का? बाहेर रिक्षा थांबल्यासारखी वाटली. रिक्षा थांबली तर तुम्ही का बघायचं? म्हटलं, मुलगा आला असेल असं वाटलं. पाचवा 'का' त्यानं विचारला नाही. फडकं घेऊन ओटा पुसला आणि कामावर गेला.

तर हा माणूस कादंबरी लिहितो. त्याची एकुलती एक लेक गौरी, आत्ताच बारावीची परीक्षा दिलीय तिनं. विटेएवढ्या जाड इंग्रजी कादंबऱ्या वाचते. जुन्याच परीकथा, पण नव्यानं सांगितलेल्या. त्यात पोरी तलवारी घेऊन फिरतात, जादू करतात, राजपुत्राला चार शब्द सुनावतात. दिनकरनं ठरवलं, आपणही तिच्यासाठी अशीच एक लिहायची, मराठीत. गोष्ट घेतली शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येची. निकाल लागला की पोर बाहेरगावी कॉलेजला जाणार. त्याआधी ती तिच्या हातात पडली पाहिजे, एवढाच त्याचा ध्यास.

तपासणीच्या बाद झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूला लिहायचा आणि मला वाचून दाखवायचा. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचायला माझी मी शिकले, तरी त्याला मीच लागायची. त्याच्या राजवाड्यात तीन शिफ्ट. जुने पहारेकरी सुटायला आणि नवे यायला दहा मिनिटांचं अंतर पडलं, रजिस्टरात कुणाची सही नाही, तेवढ्यात राजकन्येनं चरख्याच्या टोकदार चातीला बोट लावलं आणि शंभर वर्षं झोपली. चातीला सेफ्टी गार्ड का नव्हता, म्हणून राजाला नोटीस. मी विचारलं, जिनं शाप दिला त्या तेराव्या परीला बारशाला का नाही बोलावलं रे?

"बारा परमनंट होत्या, काकू. तेरावी कंत्राटी. तिचं कँटीनचं कार्डच चालंना."

हे सांगताना तो हसला नाही. वाचता वाचता त्याची मान पडायची. शिफ्टचं जागरण हो. अर्धं वाक्य तोंडात, चष्मा नाकावर. "बरं, पुढं?" म्हणून मी हलवायची, की परत त्याच ओळीवरून सुरू.

दोनशे पानं झाली आणि माझ्या ध्यानात आलं, ही बया नुसती झोपलेलीच आहे. झोपते मात्र किती नीट. डाव्या कुशीवर, मनगट उशीखाली, उजवा पाय पांघरुणाबाहेर, वरचा ओठ किंचित उचललेला, स्वप्न पडलं की भुवयांच्या मधे एक आठी. आठी किती, तर दोन मिलिमीटर. मी म्हटलं, अरे, उठव की तिला. काहीतरी बोलू दे.

त्यानं कागद एकसारखे केले. पुन्हा एकदा केले.

"ती बोलती कशी, तेच मला माहीत नाही, काकू. पहिल्या शिफ्टला निघतो तर ती झोपलेली. दुसरी करून येतो तर झोपलेली. तिसरी असली की दिवसा मीच झोपलेला. रविवारी ओव्हरटाइम. मी लेकराला झोपलेलंच बघितलंय."

मी उठले आणि चहा टाकला.

शेवटी त्यानं लिहिलं, 'डोळे उघडून राजकन्या म्हणाली,' आणि खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या. कागद शिवून माझ्याकडं दिले. "तुम्हीच द्या तिला. ती वाचत असताना मला समोर थांबायचं होणार नाही."

मी दिले. तीन दिवस वरून काही नाही. हा येताजाता माझ्या दाराशी थांबायचा, चप्पल सरळ करून निघून जायचा.

चौथ्या दिवशी सकाळी तिसरी शिफ्ट करून घरी आला आणि ते कागद घेऊन खाली उतरला. पोरीनं पेन्सिलीनं शुद्धलेखन सुधारलं होतं पानोपानी. झोपेच्या वर्णनाशेजारी लिहिलं होतं, 'माझा ओठ असा नसतो.' दिनकरनं त्यावर बोट ठेवलं.

"असतो, काकू. सतरा वर्षं बघायलो मी."

मग शेवटचं पान उलटलं. कोऱ्या ओळींपैकी एकच भरली होती. 'बाबा, आता तुम्ही झोपा. मी जागी आहे.'

त्यानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, त्याच्याच्यानं होईना. आणि मी चष्मा पुसेपर्यंत हा भिंतीला टेकून झोपलेला, सेफ्टी शूज पायातच. गौरी खाली आली, नाड्या सोडून शूज काढले आणि तिथंच त्याच्याशेजारी बसून राहिली.

आता संध्याकाळ मोकळी मिळेल त्या आठवड्यात दोघं वर बसून राजकन्येला बोलतं करतात. एकाही वाक्यावर पटत नाही त्यांचं, सगळं भांडण खाली ऐकू येतं. निकाल लागला की पोर जाईल. त्याआधी पुन्हा या एकदा, आणि राहायलाच या. मध्ये पडायला मी एकटी पुरत नाही.