भानुदास गुरुजींची रोमन तोफ

जाफराबादजवळच्या आमच्या गावाला धड रस्ता नाही, एसटी वेळेवर येत नाही; पण दगड फेकायचं रोमन यंत्र आहे. माझे शेजारी भानुदास गुरुजी, गणिताचे निवृत्त मास्तर, यांनी ते बनवलंय. लाकडी चौकट, मधे पीळ भरलेला जाड दोर, त्यात अडकवलेला दांडा आणि दांड्याला वाटी. दांडा मागं ओढून सोडला की वाटीतली वस्तू पुढं जाते, असं गुरुजी सांगायचे. पहिला भोपळा मागं गेला आणि माझ्या पत्र्यावर फुटला.

मी तणतणत गेलो, तर हे शांतपणे वहीत काहीतरी मांडून राह्यलेले. "बराबर हाय. रोमनांचंबी पहिल्यांदा असंच झाल्तं." जसे काही रोमन यांच्या ओसरीवरच चहाला यायचे! रोमन केसांचे दोर वापरायचे म्हणून यांनी न्हाव्याकडून पोतंभर केस आणले. बोटभर केसांचा दोर वळता येत नाही, हे कळायला गणिताच्या मास्तराला आठ दिवस लागले. मंग बैलांचे कासरे घेतले.

यंत्राचं तोंड होतं धाकट्या भावाच्या, अंबादासच्या रानाकडं. अकरा वर्षांमागं बांधावरच्या एका बाभळीवरून दोघांचं वाजलं. "तुझ्या रानात पाय ठेवला तर नाव बदलीन," अशी शपथ गुरुजींनी घेतली आणि बोलणं बंद. बाभूळ कधीच वाळून गेली. पण सुंभ जळाला तरी पीळ जातोय होय? म्हातारा आता भावाचं टाळकं फोडतो, असं गावानं ठरवूनच टाकलं.

संक्रांतीला गुरुजींनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी वाटीत ठेवलं. मी हातच धरला. "गुरुजी, सणाच्या दिवशी सख्ख्या भावावर दगड?"

"दगड कुठला? तिळाचे लाडू हायेत डब्यात. पाय ठेवणार न्हाई म्हणलं व्हतं. डब्याचं कुठं काय बोल्लो?"

लाडू स्वतः गुरुजींनी वळलेले, त्यामुळं दगड म्हणण्यात माझं फार काही चुकलं नव्हतं.

गोधडी बांध ओलांडून तुरीत पडली. अंबादास काठी घेऊन धावत आला. त्यानं गोधडी सोडली, डबा उघडला, बघत राहिला आणि डबा घेऊन घरात गेला. गुरुजी बांधाशी उभेच.

"रोमनांचंबी असंच व्हायचं का?" मी विचारलं. त्यांची नजर अंबादासच्या दारावरून हलली नाही, आणि मला माझीच लाज वाटली.

तासाभरानं अंबादास बांध ओलांडून आला. डब्यात तुरीच्या शेंगा होत्या.

"रिकामा डबा कसा धाडू, दादा? आन् फेकायला माझ्याकडं यंत्र न्हाई." मंग एकदम भडकला. "एवढा उपद्व्याप कशापायी? एक हाक मारायची व्हती!"

गुरुजींनी डबा पोटाशी धरला.

"रोज बांधापस्तोर येत व्हतो रे. आवाजच निघत न्हवता."