पाय पुढे

"पेशंट जिवंत आणायचा," डॉक्टर अमृतराव मोटारीत बसल्या बसल्या म्हणाले. "पहिलीच केस आहे तुमची, पद्मिनीबाई. नीट झाली तर आजच तकर्रुर, म्हणजे नेमणूक, पक्की. नाहीतर मुलीला घरी परत पाठवीन, असा तुमच्या वडिलांना शब्द दिलाय मी."

पद्मिनीने मान हलवली. हैद्राबादेहून प्रथमोपचाराची परीक्षा पहिल्या वर्गात पास होऊन आलेल्या मुलीला एका मोडक्या पायाची काय धास्ती, असं तिचं स्वतःविषयी मत होतं. संध्याकाळपर्यंत ते बदललं.

सरकारी दवाखान्याची मोटार जैनथ गावाच्या अलीकडे सडकेवरच थांबली. पुढच्या काळ्या चिखलात मोटार जाण्यासारखी नव्हती आणि डॉक्टरांचे बूटही. पद्मिनी एकटीच गावात गेली.

पेशंट भगवानराव छपरावरची कवेलू फेरताना खाली आले होते. तिने बांबूच्या कामट्या लावून त्यांचा पाय झकास बांधला. मग दोन बांबूंना घोंगडी बांधून त्यांना तिच्यावर निजवलं आणि चौघांना उचलायला लावलं.

"आता पाय पुढे, डोकं मागे."

चौघे जागच्या जागी थांबले.

"पाय पुढं?" भगवानरावांचा धाकटा भाऊ उद्धवराव म्हणाला. "बाई, तो अजून बोलून राह्यला."

"बोलू द्या. मागच्या माणसाला रुग्णाचा चेहरा दिसला पाहिजे. तसा नियम आहे."

नियम म्हटल्यावर निजामाच्या मुलखात कोणी वाद घालत नसे. भगवानराव पाय पुढे करून दाराबाहेर पडले आणि जयवंताबाईंनी हंबरडा फोडला.

"अवो, मी हाय ना," भगवानराव बायकोला म्हणाले. "काऊन रडून राह्यली?"

"मले मालूम हाय," त्या हुंदके देत म्हणाल्या. "पन असं जातानी पाह्यलं का रडू येतेच."

रडणं ऐकून गल्ली बाहेर आली. चार माणसं, दोन बांबू, पाय पुढे. कोणी काही विचारलं नाही. शेजारणीने फुलं वाहिली, पुरुष मुकाट्याने मागून चालू लागले. तेवढ्यात भुरभुर सुरू झाली. रुग्णाला ऊब हवी, म्हणून पद्मिनीने पिशवीतली चादर पांघरली. ती पांढरी होती. तोंडावर पाऊस नको म्हणून भगवानरावांनी स्वतःच ती डोक्यावरून ओढून घेतली.

आता कुठे पद्मिनीला शंका आली. माणसाच्या अंगात हाडं किती, हे तिला पाठ होतं. माणसं गावातून कशी जातात, हे परीक्षेत कोणी विचारलं नव्हतं. वेशीजवळ ती घाईने म्हणाली, "खाली ठेवा. डोकं पुढे करून घ्या."

गावच्या तिरड्या नेमक्या तिथेच खाली ठेवत आणि दिशा फिरवून पुढे नेत. मागच्या लोकांनी हात जोडले. राहिलीसाहिली शंकाही मिटली होती.

कोणीतरी धावत सडकेवर बातमी पोचवली. वरात पोचली तेव्हा डॉक्टर टोपी काढून चिखलात उभे होते.

"तुम्ही मोडलेला पाय आणायला गेला होता," ते हळूच म्हणाले.

"आणलाय," पद्मिनी म्हणाली.

"त्याच्यासंग मीबी आलो," चादरीतून आवाज आला.

मग जयवंताबाईंचा चेहरा उजळला. "जित्या मानसाच्या मरनाची बातमी फुटली, म्हंजे आविष्य वाढलं. आता ह्यायले काई होत नाई." भगवानरावांनी निजल्या निजल्या पद्मिनीला नमस्कार केला.

डॉक्टरांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "नियम पाळले होते?"

"सगळे."

"दिसतंय." पण पेशंट जिवंत होता आणि अट त्यांनीच घातली होती. तकर्रुर झाली.

दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर होताच पद्मिनीला दवाखान्याच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली दिसली. मथुराबाई नाव. शेजारी सून.

"काय होतंय, आजी?"

"काई नाई वं माय, ठणठणीत हाय. मले नुस्तं पाय पुढं करून येशीपावतर नेऊन आन. रडाले सून आनली हाय संगं." मथुराबाईंनी आवाज खाली आणला. "पन ती सकाळपासून इचारून राह्यली, आविष्य वाढते त नेमकं किती वाढते?"