शमुवेलमामांचे सहा ग्लास

आमच्या वॉर्डातले वॉर्डबॉय शमुवेलमामा कामावर आले की आधी पिशवीतून सहा ग्लास काढून नळाखाली विसळतात. चहाचा काचेचा चिमुकला ग्लास, लग्नात वाटतात तो प्लास्टिकचा, उसाच्या रसाचा, स्टीलचे दोन आणि शेवटी पाण्याच्या तांब्याएवढा मोठा एक जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला. नव्या पेशंटला वाटतं, इथं चहापाण्याची सोय बरी दिसते. तसं काही नाही. हे ग्लास दारू मोजायचे आहेत.

मी इथं सिस्टर आहे. आमच्या छोट्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी टॅब आला. हाड मोडून येवो की हर्निया घेऊन, भरती झालेल्या प्रत्येकाला तो दारूचे प्रश्न विचारतो आणि उत्तरांवरून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दाखवतो. लाल आला की टॅबच पाच मिनिटं समजावून सांगतो आणि डॉक्टर औषध सुरू करतात. कारण रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत तो थरथरायला लागतो, नसलेलं दिसायला लागतं, जिवावरही बेततं. सगळं फार शहाणपणाचं आहे. फक्त टॅबमधली बाई विचारते, ‘आपण एका वेळी किती प्रमाणित मात्रा मद्यसेवन करता?’ घोडेगावच्या बाजारात बैलाची लाथ खाऊन आलेल्या एका आजोबांनी तिचा आवाज ऐकून आधी टोपी सारखी केली, मग ‘न्हाई बाई’ म्हणून तिला हात जोडले. त्यांच्या तोंडाचा वास मला दारातून येत होता.

प्रमाणित मात्रा म्हणजे काय, हे मलाही धड सांगता येईना. दुसऱ्या दिवशी मामांनी घरून ग्लास आणले. सलाईनच्या रिकाम्या बाटलीवर मापाच्या रेघा असतात. तीत मामा पाणी भरून घेत, पेशंट आपला ग्लास दाखवी, बोटानं खूण करी, मामा तिथवर ओतत, आणि बाटलीतलं किती कमी झालं ते मी टॅबात भरत असे. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले, कारण लाल रंग भराभर दिसायला लागला. एका नातेवाइकानं ‘वॉर्डात पेग भरतात’ अशी तक्रार केली. एका पेशंटनं तर समोरचा ग्लास सवयीनं उचलला, एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं. साधं नळाचं पाणी होतं. मामा म्हणाले, “सिस्टर, ह्यांना प्रश्न इचारायलाच नगंत.”

पहिल्यांदा सगळेच चहाच्या ग्लासाकडं बोट करतात. त्यावर मामांचं वाक्य ठरलेलं होतं, पोरांच्या खेळात पहिला डाव कच्चा धरतात तसं. “पहिला हात खोटा, पाव्हणं. परत दाखवा.” हे ते अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. वॉर्ड हसे, पेशंट ओशाळून हसे आणि बोट हळूहळू स्टीलकडं सरके. मामा स्वतः थेंबाला शिवत नाहीत, रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असतात. मला या खेळाची मजा वाटायची, हे कबूल करते.

गेल्या दिवाळीच्या आधी मामांचा मुलगा विल्सन मोटारसायकलवरून पडला आणि पायाचं हाड मोडून आमच्याच वॉर्डात आला. तिशीतला, टेम्पो चालवायचा, नाकीडोळी हुबेहूब मामा. मामांनी नेहमीसारखे ग्लास मांडले. शेजारच्या खाटांवरचे सगळे उठून बसले, प्रत्येकाची परीक्षा होऊन गेलेली होती. विल्सननं चहाच्या ग्लासावर बोट ठेवलं आणि सांगितलं की ह्यात, ते पण सणाला.

मी त्या वाक्याची वाट पाहत राहिले. मामा नुसते ग्लासाकडं बघत होते.

“लिहा, सिस्टर,” ते म्हणाले.

मी लिहिलं. वास मलाही आला होता. आजोबांचा दारातून येतो, तर याचा न यायला काय झालं? पण बाप समोर उभा होता आणि मी तेच पाठवून दिलं. टॅबनं हिरवा रंग दाखवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी विल्सन चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागला. चादरीवर मुंगी नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याला झटके आले, नगरला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथून तो परत आला नाही.

पंधरा दिवसांनी मामा कामावर आले ते थेट माझ्यापाशी. विल्सनचा फॉर्म उघडा म्हणाले. एकदा पाठवला की मागं जाता येत नाही, असं मी सांगितलं. ते न ऐकल्यासारखं करून त्यांनी टेबलावर स्टीलच्या दोनांतला मोठा ग्लास ठेवला आणि बाटलीतून काठोकाठ भरला.

“सकाळी एवढी, सांजच्याला परत एवढी. मला म्हाईत हुतं. पर समद्या वॉर्डाम्होरं पोराला खोटं कसं म्हनू, सिस्टर?”

 बंद टॅबवर बोट फिरवून मी लिहिलं म्हणून सांगितलं. इतकी भित्री आहे मी.

आता मामा आधी खाटेभोवतीचा पडदा ओढतात. आता वास आला की, रंग कुठलाही असो, मी डॉक्टरांना सांगते. ग्लास सहाच आहेत, ते वाक्य मात्र गेलं. पेशंटनं चहाचा ग्लास दाखवला की मामा हळू आवाजात सांगतात, “माझ्या पोरानं पन ह्योच दाखवला हुता. मी मान्य केला.” आणि परत विचारतात. काहींचं बोट सरकतं.

परवा राहुरीकडच्या एका माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा चहाच्या ग्लासावरच बोट ठेवलं. वास येतच होता, म्हणून डॉक्टरांना सांगायला मी निघाले, मामा निघाले नाहीत. टॅब समजावायला पाच मिनिटं घेतो, तेवढी केव्हाच होऊन गेली होती. बऱ्याच वेळानं मी पडदा सारून पाहिलं, तर माणूस भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि मामा उशाशी स्टुलावर बसून, सलाईनची बाटली मांडीवर धरून, त्याच्या दुसऱ्या हाताची वाट पाहत होते.