दसरूभाऊंचा होकार

दसरूभाऊंना कुठलीही गोष्ट एकदा सांगून समजत नाही. कंडक्टर एसटीची वेळ सांगतो, तर हे मान तिरकी करून म्हणतात, "मले नाई समजलं भाऊ, पुन्हा सांगा." डॉक्टरनं गोळी सांगितली, पुन्हा सांगा. माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण त्यांना इतक्यांदा द्यावं लागलं, की लग्न नक्की ठरलंय ना, अशी मलाच शंका यायला लागली.

मी मूळचा भद्रावतीचा. मास्तरकीच्या नोकरीनं धानोऱ्याकडच्या या जंगलातल्या गावात आलो आणि भाऊंचा शेजारी झालो. निवृत्त झालो तरी गाव सोडलं नाही, त्याचं एक कारण इथली ग्रामसभा. इथं मतदान होत नाही. सगळ्यांचं पटलं तरच ठराव होतो; एकाचं अडलं की सगळ्यांचं अडलं. आणि अडणारा माणूस आमच्याकडे कायमचा आहे.

एकदा शहरातून एक अभ्यासक आले होते. नवउदारमतवाद, खुली बाजारपेठ, प्रादेशिक एकीकरण, सगळं त्यांनी घाम निघेस्तोवर समजावलं. आता सीमा उरल्या नाहीत, तेलंगणाचा असो की छत्तीसगडचा, कोणीही येऊन तुमच्या जंगलातला बांबू घेऊ शकतो, तुम्ही कोणालाही विकू शकता.

"अन् नाई विकलं तं चालते का?" भाऊंनी विचारलं.

"चालतं, पण..."

"त्या पनच्या पुढचं पुन्हा सांगा."

अभ्यासकांनी प्यायला पाणी मागितलं.

एकीकरण आम्हीही केलं, पण आमच्या पद्धतीनं. पूर्वी बांबूचा व्यापारी इथं येऊन म्हणायचा, पलीकडचं गाव स्वस्तात देतंय. आणि पलीकडे जाऊन आमचं नाव सांगायचा. मग आजूबाजूच्या पाच गावांनी एकत्र बसून ठरवलं, विकायचा तर पाचही गावांचा बांबू एकाच सौद्यात विकायचा. हे सांगताना माझी छाती फुगते. फुगू द्या.

यंदा रायपूरकडचा एक व्यापारी चांगला भाव घेऊन आला. चार गावांनी होकार दिला होता, उरलो होतो आम्ही. आम्ही नाही म्हटलं असतं तर पाचही गावांचा सौदा मोडला असता. भर सभेत मी करारनामा वाचला. 'या क्षेत्रातील संपूर्ण बांबू' असं त्यात होतं.

"मले नाई समजलं गुरुजी. पुन्हा सांगा. अन् गोंडीत सांगा."

मी माझ्या मोडक्यातोडक्या गोंडीत सुरुवात केली, तशी संपूर्ण म्हणजे किती, हे निघालंच. घराच्या कुडाचा बांबूही? मांडवाचा? सुपा-टोपल्यांचा? व्यापारी आधी हसला, मग चिडला, शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं 'गावाच्या गरजेचा सोडून' असं लिहून दिलं. मग भाऊंनी बांबूच्या कोवळ्या कोंबांचं विचारलं. ते तोडणार नाही, असं त्यानं कबूल केलं. मग ट्रक कुठल्या वाटेनं जाणार? त्याचंही उत्तर भाऊंनी पुन्हा वदवून घेतलं.

अखेर बाकी सगळ्यांचं पटलं. आता भाऊ तेवढे हो म्हणाले की झालं. तर भाऊ उठले, "थांबा, येतोच" म्हणाले आणि चक्क घराकडे चालायला लागले!

व्यापारी तणतणत गाडीत जाऊन बसला. "एक आदमी के लिए?" त्यानं मला विचारलं. माझंही डोकं फिरलं होतं. मी तरातरा भाऊंच्या मागे गेलो.

अंगणात खाटेवर त्यांची बायको, जानोबाई, पडलेली होती. लकवा झाल्यापासून तिला उठता येत नाही. त्याआधी सभेत बाया मागे बसायच्या, ही मात्र पुढे. भाऊ खाटेच्या काठावर बसून तिला गोंडीत सगळी सभा सांगत होते. व्यापाऱ्याचं चिडणं त्यांनी असं काही करून दाखवलं, की ती अर्ध्या तोंडानं खुदकन हसली. मग तिनं अडखळत कोंबांचं विचारलं. भाऊंकडे उत्तर तयार होतं. वाटेचं विचारलं. तेही तयार होतं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, वाजू दे.

"तिथी काऊन उभे गुरुजी?" भाऊंचं माझ्याकडे लक्ष गेलं. "हिचं राह्यलं होतं ना इचाराचं. सम्द्यायचं म्हनजे सम्द्यायचं."

जानोबाईनं बराच वेळ विचार केला. घाई तिला मुळीच नव्हती. मग म्हणाली, "इंगो."

म्हणजे गोंडीत हो. भाऊंनी तिची चादर सारखी केली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चला गुरुजी. आता गावाचं पटलं."