दिव्याखालची अंडी

"थंडीत फिंच अंडी घालत नाहीत," असं पक्षीवाल्या दुकानदाराने ऐकवलं आणि मी पेटलो! म्हटलं, घालून दाखवतो! म्हणजे फिंचने. मी नुसती देखरेख करणार.

त्याचं असं झालं. लेक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि तिची चिमणीएवढी फिंच मादी अंगणातल्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात एकटी राहिली. फोनवर लेक आधी तिची चौकशी करायची, मग आमची. "कधी येतेस?" म्हटलं की रजा नाही! एकदा मात्र हसत म्हणाली, "तिला पिल्लं झाली ना बाबा, की बघा, धावत येईन!"

ती गमतीत बोलली. मी दुसऱ्याच दिवशी नर घेऊन आलो!

पिंजऱ्याला प्लास्टिक गुंडाळलं. आत घरटं टांगलं. शिवाय बायकोचा गुडघे शेकायचा लाल दिवा!

"अहो, माझा दिवा?"

"थोडी कळ काढ. पोरगी येणार आहे!"

"तिला दार उघडायला मी उठायला तर हवी!"

आणि अंडी आली! मी शाळकरी पोरासारखा नाचलो. प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून लगेच लेकीला फोन लावला. ती उचलेना. मग घाईघाईत आवाजी निरोप ठेवला, "बाळा, असशील तशी ये! डॉक्टर म्हणाले, हलवू नका, गार पडू देऊ नका. आता सगळा भरवसा दिव्यावर!" नेमकी तेव्हाच मागे बायको कण्हली, "आई गं!"

सकाळी लेक दारात. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगळ्या चपला!

"आई कुठाय?"

आई भांडी घासत होती. लेक तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. मग माझ्याकडे वळली. पुढचं छापण्याजोगं नाही!

शेवटी मी हळूच पिंजरा दाखवला. तिने एक अंडं उजेडासमोर धरलं. आत पिल्लाची खूणच नव्हती.

"बाबा, तुमचा नर गातो का?"

"छे! थंडीने घसा बसलाय बिचाऱ्याचा."

"नर गातोच, बाबा. ही मादी आहे. दोघीही माद्याच आहेत!"

बायको इतकी हसली की गुडघे विसरली. मग दिवसभर तिघं त्या लाल दिव्याशी बसून गप्पा मारत होतो. घर किती दिवसांनी भरल्यासारखं वाटलं!

पण रजा एकाच दिवसाची. संध्याकाळी तिला गाडीवर सोडायला गेलो. खिडकीतून ती म्हणाली, "बाबा, पुन्हा अंडीबिंडी नकोत हं. नुसतं 'आठवण येते' म्हणा. मी येईन."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर धावत सुटलो.

"अगं, ऐक!"

"काय, बाबा?"

आता बोलायचंच, असं ठरवून मी सगळा जीव गोळा केला आणि ओरडलो,

"पोचलीस की फोन कर!"